तीनदा ओढून बघितलेलं कुलूप

शनिवारी एकट्याने सायकलवर भटकायचं आणि दर अर्ध्या तासाने बायकोला फोन करायचा, हा पुष्करचा छंद होता. "गॅस बंद आहे ना? मागचं दार लावलंस ना?" इंग्लंडात लेस्टरच्या घरी ही सायकल आल्यापासून आसावरीला एकाही शनिवारी साखरझोप मिळाली नव्हती. शेवटी शुक्रवारी जेवताना तिने पैज लावली.

"उद्या घरी एकही फोन करायचा नाही. केलास, तर सायकल विकायची."

"आणि तू मला केलास तर?"

"तर सायकलबद्दल परत चकार शब्द काढणार नाही. प्रॉमिस!"

सायकल नवी कोरी होती, आसावरीची वर्षभर मनधरणी करून घेतलेली. तरी पुष्करने पैज घेतली. सकाळी तिची झोपमोड नको म्हणून अंधाऱ्या पॅसेजमध्ये दिवाही न लावता त्याने खुंटीवरच्या किल्ल्या चाचपून घेतल्या, बाहेरून दार लावलं, सवयीने तीनदा ओढून बघितलं आणि निघाला.

शहर मागे पडलं. दोन्हीकडे हिरवी कुंपणं, पलीकडे मेंढ्या, वर चक्क ऊन. दुसरा कुणी खुलून गेला असता. पुष्करला मात्र पहिल्याच चढावर शंका आली, आपण दार लावलं का? तीनदा ओढल्याचं आठवत होतं; पण ते आजचं की गेल्या शनिवारचं? पुढच्या गावात चर्चशेजारच्या बाकावर बसून त्याने पोळीभाजीचा रोल उघडला, दोन घास खाल्ले आणि परत गुंडाळून ठेवला. दार सताड उघडं आणि आत आसावरी एकटी झोपलेली! फोन करावा तर सायकल जाते, न करावा तर जीव जातो.

मग त्याला पळवाट सापडली. शेजारच्या मिसेस पिकरिंगना फोन करायला पैजेत कुठे बंदी होती?

"आमचं दार जरा ओढून बघता का, प्लीज? तीनदा?"

"तीनदा?" बाईंना नवल वाटलं, पण त्या गेल्या. थोड्या वेळाने त्यांचाच फोन आला. "घट्ट बंद आहे, डिअर. अगदी तीनदा ओढलं."

पुष्करला इतकं हायसं वाटलं की पुढचा चढ तो शीळ घालत चढला. टेकडीवरच्या पबबाहेर थांबून त्याने कॉफी सांगितली आणि कार्ड काढायला खिशात हात घातला. हाताला खुंटीवरच्या किल्ल्या लागल्या. त्या आसावरीच्या होत्या. त्याच्या स्वतःच्या तर कालपासून सॅडलखालच्या पिशवीतच होत्या. म्हणजे घराच्या सगळ्या किल्ल्या इथे टेकडीवर आणि किल्लीशिवाय आतूनही न उघडणाऱ्या दारामागे आसावरी!

त्याचा अंगठा फोनवर गेला आणि तिथेच थांबला. कॉफी तशीच टाकून त्याने सायकल उलटी फिरवली. आता वारा समोरून. एका वळणावर मेंढ्यांचा कळप रस्ता ओलांडत होता, आणि जी ती मेंढी मध्येच थांबून त्याला न्याहाळत होती.

"अगं चला ना! बायको कोंडलीय माझी!" तो मराठीत ओरडला. कळपामागच्या शेतकऱ्याने हसून हात हलवला.

घराशी पोचताच सायकल टाकून, धापा टाकत त्याने दार उघडलं. आसावरी सोफ्यावर शांतपणे चहा पीत होती.

"अगं, फोन का नाही केलास?"

"केला असता म्हणजे तुझी सायकल वाचली असती! दूध संपलं होतं, तर पिकरिंगबाईंनी खिडकीच्या फटीतून बाटली दिली. म्हणाल्या, नवऱ्याला कळवू का? म्हटलं, अजिबात नाही!"

"मीपण नाही केला फोन!"

"त्यांना केलास की. शेजारी केलेला फोन घरीच धरायचा. सायकल विकायची."

"असं कसं? रूल्स आधी सांगायचे असतात!"

भांडण चांगलंच पेटलं. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. टॅक्सीच्या खिडकीतून मिसेस पिकरिंग हात हलवत होत्या.

"पुष्कर, डिअर, तुझी सायकल फुटपाथवर पडली होती, कुलूपसुद्धा नाही! तुमचं आत महत्त्वाचं बोलणं चाललं होतं, म्हणून बेल वाजवली नाही. माझ्या गॅरेजमध्ये ठेवलीय. आणि काळजी नको, गॅरेजला कुलूप लावून दार तीनदा ओढून बघितलंय!"

पुष्कर धावत बाहेर येईपर्यंत टॅक्सी कोपऱ्यावरून वळली होती.

"कुठे गेल्या या?"

"मुलीकडे, ऑस्ट्रेलियाला. आता सहा महिन्यांनी, ख्रिसमसनंतरच येणार म्हणत होत्या." आसावरीने कप खाली ठेवला आणि बऱ्याच दिवसांनी मनापासून हसली. "जा, राहू दे तुझी सायकल. नाही विकत."