सर्वसाधारण महिना

हवामानाच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. मी हवामान कार्यालयात कारकून आहे. महिन्याचा पाऊस गेल्या साठ वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहायचा आणि ‘जास्त’, ‘कमी’ किंवा ‘सर्वसाधारण’ असा शेरा मारायचा, हेच माझं काम. त्यामुळे सासऱ्यांनी घरावरचे पत्रे बदलायचं काढलं तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं, “याच महिन्यात उरकून घ्या, बाबा. वर्षातला सगळ्यात कोरडा महिना. पाऊस पडतो तो नावाला.”

“वर ताडपत्री टाकून ठेवू का?” गवंड्यानं विचारलं.

“साठ वर्षांच्या नोंदी आहेत माझ्याकडे,” मी म्हणालो. बिचाऱ्यानं ताडपत्री गुंडाळून ठेवली.

पत्रे उतरले त्याच दुपारी आभाळ फाटलं! कपाट भिजलं, रेडिओ भिजला, गादी तर तिघांनी मिळून बाहेर काढावी लागली. संध्याकाळी सासरे एक पिशवी घेऊन आमच्या दोन खोल्यांत दाखल झाले. माझ्या पलंगावर ते, मी स्वयंपाकघरात, ओट्याखाली पाय घालून. बायको बोलेना. चार रात्रींत पाठीनं असा सूड उगवला की मी सरळ थाप मारली.

“पाऊसच विक्रमी होता, बाबा. साठ वर्षांत असा पडला नव्हता. कोण काय करणार?”

सासऱ्यांचा चेहरा खुलला. जावयाच्या शहाणपणात भिजणं वेगळं आणि विक्रमात भिजणं वेगळं. बायकोनं चहा दिला, तोही गरम. मला वाटलं, सुटलो.

पण सासरे पडले निवृत्त शिक्षक. कळलेलं पोटात राहील तर शपथ. त्यांनी गल्लीला सांगितलं, गल्लीनं वार्ताहराला. दुसऱ्या दिवशी पेपरात सासरे, शेजारी गादी आणि वर मथळा: ‘विक्रमी पावसाचा तडाखा’. खाली बारीक अक्षरांत, ‘हवामान कार्यालयातील जावयांनी दुजोरा दिला.’

साहेबांनी बोलावलं. “ते जावई आपणच का?”

“हो, साहेब.”

“महिना आजच संपलाय. बेरीज करा. इथंच बसून.”

केली. मग पुन्हा केली. महिनाभर टिपूस नाही आणि नावाला पडणारा तो सगळा पाऊस एकाच दुपारी. बेरीज अगदी सरासरीइतकी. एका दुपारचे विक्रमही चाळले, पण आमच्या पावसाला तिथं कोणी दारातसुद्धा उभं केलं नसतं. खुलासा मलाच लिहावा लागला: ‘विक्रम नाही. पर्जन्यमान सर्वसाधारण.’

सकाळी पेपरात छापून आलेला तो खुलासा सासऱ्यांनी चष्मा लावून वाचला. बायको पाठ फिरवून भांडी घासत होती. मला आता सबबी सांगायचाही कंटाळा आला होता.

“जावईबापू,” ते म्हणाले, “पत्रे बसले, असा गवंड्याचा निरोप आलाय. आज परत जाणार होतो मी.”

माझी पाठ आपोआप सरळ झाली.

“पण हा जर सर्वसाधारण महिना,” पेपरची घडी घालत ते म्हणाले, “तर विक्रमी महिना मला एकट्याला झेपायचा नाही. तो एकदाचा येऊन जाऊ दे. तोवर मी इथंच बरा.”

नोंदींप्रमाणे विक्रमी महिना साधारण वीस वर्षांनी येतो. पण या खेपेला मी तोंड उघडलं नाही.