सलीमभाईंच्या प्लेअरचं बियाणं

सलीमभाईंचा माणसांपेक्षा ओल्या पोत्यावर जास्त विश्वास. चिखलीत त्यांचं बियाण्याचं दुकान. बीटी कपाशीच्या पाकिटावर काहीही छापलेलं असो, हे मूठभर सरकी ओल्या पोत्यात गुंडाळत आणि कोंब दिसल्यावरच पाकीट विकत. त्या वर्षांत दुबार पेरणीची ताकद कुणातच उरली नव्हती, त्यामुळे लोक त्यांचं पोतं बघायला देवदर्शनासारखे येत.

दुकान बंद झालं की ते माझ्या कॉम्प्युटर क्लासात येत. आम्ही दोघं मिळून एका फुकटच्या प्लेअरवर काम करायचो. गाणी-सिनेमे वाजवणारा हा प्लेअर जगभरची माणसं मिळून लिहीत होती. लोकांना त्यात आपापल्या स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्राम, चालवता यावेत म्हणून आत एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे ते प्रोग्राम चालवणारं इंजिन, बसवायचं होतं, आणि कोणतं बसवायचं यावर भांडण पेटलं होतं. मला एकच मशीन येत होतं. साहजिकच तेच जगात श्रेष्ठ होतं. त्याच्या बाजूने मी त्या सगळ्यांच्या ईमेलच्या मेलिंग लिस्टवर एवढं इंग्रजी झाडलं की दोन देशांचं तरी आपसात बिनसलं असावं.

"मलेही तुझंच आवडते बे," सलीमभाई म्हणाले. "पण आपाच्या कॉम्प्युटरवर उगवते का ते पाहू."

आपा म्हणजे त्यांची थोरली बहीण. नजर गेलेली, धाड गावात एकटी राहायची. तिचा कॉम्प्युटर इतका जुना, की चालू झाल्यावर आधी खोकायचा.

"सगळ्या जगानं आपाकडे पाहून ठरवायचं का?"

"काऊन नाही? कोरडवाहू वावरात उगवलं ते बागायतीत उगवतेच. तू उलटं पाहून राह्यला."

जीपनं धाडला गेलो. सलीमभाईंनी आपासाठी एक स्क्रिप्ट दोन्ही मशीनसाठी लिहून आणली होती. माझ्या मशीनवर पहिलं गाणं संपलं आणि प्लेअर विचारात पडला. आपानं चहा ठेवला, दूध उतू गेलं, चूल विझली.

"मशीन बाजाराले गेलं का रे?" आपानं विचारलं.

मग सलीमभाईंनी दुसरं मशीन बसवलं. चिमूटभर, मी ज्याला खेळणं म्हणालो होतो तेच. गाणं संपलं आणि लगेच स्पीकरमधून सलीमभाईंचाच आवाज आला, "आपा, भाकर खाल्ली का?" मग प्लेअर थांबला. बटण दाबेपर्यंत पुढचं गाणं लागणार नव्हतं.

"हाव रे, खाल्ली," आपा स्पीकरला म्हणाली आणि बटण दाबलं.

मी तिथल्या तिथे मत बदललं, आणि ते पहिल्यापासून माझंच होतं असंही ठरवून टाकलं.

दुसरं गाणं संपलं. "आपा, गोळी घेतली का?"

"घेतली," आपा म्हणाली. "आता तू सांग. चिखलीत तुले 'भाकर खाल्ली का' कोण विचारते?"

सलीमभाई दारातच उभे होते. बायको गेल्याला बरीच वर्षं झाली होती. स्क्रिप्टमध्ये याचं उत्तर लिहिलेलं नव्हतं.

आपानं बटणावरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि वाट पाहत बसली.