डाव्या विंगेतलं स्टूल

"नाट्यगृह भाड्याने मिळेल, माणसं आठशे बसतील, पण डाव्या विंगेतलं ते स्टूल हलवायचं नाही," म्हाताऱ्या रखवालदाराने चाव्यांचा जुडगा खिशात टाकत सांगितलं.

हेडक्लार्कने मान डोलावली. कारखान्याच्या पन्नाशीचा समारंभ त्याच्या गळ्यात पडला होता आणि शंभर वर्षांचं हे नाट्यगृह त्यानेच हट्टाने निवडलं होतं. निवृत्तीला सहा महिने उरले होते. सहा वर्षं अडलेली बढती आता मिळाली तर मिळाली. समारंभात काही विचकलं, तर तिच्या नावाने आंघोळच करायची होती.

"कोणाचं आहे स्टूल?"

"प्रॉम्प्टरकाकांचं. नट अडखळला की विंगेतून पुढचं वाक्य पुरवायचे. स्टेजवर जे बोलणार असाल, त्याची एक प्रत स्टुलावर ठेवा. नाहीतर चिडतात ते."

"आत्ता कुठं असतात?"

"त्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली."

हेडक्लार्कला हसू आलं. पण भर दुपारी त्या विंगेत हुडहुडी भरत होती आणि स्टुलावर धुळीचा कण नव्हता. म्हाताऱ्याचं मन कशाला मोडा, म्हणून समारंभाच्या दिवशी त्याने पिशवीतून कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांच्या भाषणाचे कागद काढले आणि न बघताच तिथे ठेवून दिले. ते भाषण त्याने दोनदा लिहिलं होतं. एकदा साहेबांसाठी, अगदी गुळगुळीत. एकदा स्वतःच्या समाधानासाठी. ते ऐकून बायको पोट धरधरून हसली होती.

सभागृह खच्चून भरलं. साहेब बोलायला उभे राहिले. वाक्य अर्ध्यावर सोडून लोकांवर नजर फिरवायची त्यांना भारी हौस. "या पन्नास वर्षांचं श्रेय," ते म्हणाले आणि थांबले.

डाव्या विंगेतून घोगरा पण स्वच्छ आवाज आला, "माझं नाही."

"माझं नाही," साहेब म्हणून गेले. केवढा हा विनय, म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

हेडक्लार्कने ते वाक्य ओळखलं. त्याने पिशवी उघडली. गुळगुळीत भाषणाची प्रत आतच होती; स्टुलावर दुसरं भाषण गेलं होतं.

साहेबांनी विंगेकडे पाहिलं. तिथे कोणीच नव्हतं. त्यांना दरदरून घाम फुटला आणि तो पुसायला थांबावं लागलं.

"मी नुसत्या सह्या केल्या," आवाज म्हणाला.

"मी नुसत्या सह्या केल्या," साहेबांचे ओठ आपोआप हलले.

हेडक्लार्क विंगेकडे धावला, पण स्टुलापासून चार हातांवर त्याचे पाय जागीच खिळले. स्टुलावरचं पान आपणहून उलटत होतं.

"काम केलं ते आमच्या हेडक्लार्कनं!" माईकवर साहेबांचा आवाज घुमला. "त्याची बढती मी जळफळाटापायी अडवली. आजपासून ती दिली!"

आठशे माणसं उभी राहिली. पहिल्या रांगेतल्या कारखान्याच्या मालकांनी रुमाल डोळ्यांना लावला. आता दिलेला शब्द मागे घेणं साहेबांच्या हातात राहिलं नाही.

"विंगेत कोण होतं?" पांढऱ्याफटक चेहऱ्याने त्यांनी रखवालदाराला विचारलं.

"कोणी नाही, साहेब," त्याने खरं तेच सांगितलं.

सगळे पांगल्यावर हेडक्लार्क पुन्हा विंगेत आला. तसंच निघून जाणं त्याला बरं वाटेना. त्याने स्टुलापुढे हात जोडले. "काका, मी तुमचे... मी..." पुढे शब्दच सुचेना.

अगदी कानाशी कोणीतरी हळूच म्हणालं, "आभार मानतो."

"आभार मानतो!" हेडक्लार्क ओरडला आणि पिशवी तिथेच टाकून त्याने धूम ठोकली.