गोडबोले काकांचं टेक्सास

गोडबोले काका नव्या माणसाला आडनाव विचारत नाहीत, काउंटी, म्हणजे इथला जिल्हा, विचारतात. मी शुगर लँडला त्यांच्या शेजारी राहायला आले तेव्हा मलाही विचारलं, आधी कुठे होतीस? मी ह्यूस्टन म्हणाले.

"ते शहर झालं. काउंटी?"

मला सांगता येईना. मग ड्राइव्हवेत उन्हात उभं राहून त्यांनी समजावलं, की ह्यूस्टन शहर ह्यूस्टन काउंटीत नाही, ऑस्टिन शहर ऑस्टिन काउंटीत नाही आणि हे बेसिक आहे. 'बेसिक' हा त्यांचा लाडका शब्द. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे काकांना श्रोता मिळाला.

मंडळाच्या गणपतीत त्यांनी मोदकांच्या सारणात पेकन घातले. राज्याचा वृक्ष पेकन असताना काजू कशाला, हा त्यांचा सवाल. गणपतीला चालले, भटजींना नाही.

काकू गेल्या वर्षी गेल्या. तेव्हापासून कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला राहणारा मुलगा, निखिलदादा, घर विका आणि इकडे या म्हणून मागे लागलाय. काका ऐकत नाहीत. "कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावर अस्वल आहे. ते अस्वल तिथे आता एकही उरलेलं नाही. झेंड्यावरचं जनावर ज्यांना सांभाळता आलं नाही, ते मला काय सांभाळणार?"

शेवटी निखिलदादाने मला फोन केला. "तुझं ऐकतील यार, समजाव ना. एकटे पडले तर काय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. एवढ्या दमट उकाड्यात स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी. बाहेर कुंपणावर एक मॉकिंगबर्ड. मी निखिलदादाचं नाव काढणार, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. शेगडीवर कुकर होता, पण शिट्टी कुंपणावरून आली होती.

"आपला राज्यपक्षी," काका म्हणाले. "ऐकेल ते म्हणतो. हिचा कुकर रोज याच वेळेला लागायचा. त्याने उचललं."

मग खऱ्या कुकरची शिट्टी झाली. पक्ष्याने मान तिरकी केली.

"कानावर पडलं नाही तर विसरेल, म्हणून लावतो."

मी विचारलं, वरणभात का?

"एकट्याला कशाला? नुसतं पाणी आहे. शिट्टीला तेवढं पुरतं."

घरी येऊन मी निखिलदादाला एवढंच कळवलं, की तूच ये, आणि दुपारी जेवायच्या वेळी ये.