सासूबाईंना थांबवता आलं नाही

"क्रमांक सतरा, खोली तीन," स्पीकरवरची बाई गोड आवाजात म्हणाली आणि सतरा नंबरचे आजोबा कपाळाला हात लावून चौथ्यांदा उठले.

"अहो ताई, मी आत्ताच जाऊन आलो की!" ते काउंटरपाशी येऊन म्हणाले. "डॉक्टर आता माझे डोळे तपासत नाहीत, नुसते स्वतःचे वटारतात."

"क्रमांक सतरा, खोली तीन."

"बघा! ऐकतच नाही ही. आधी हिचे कान तपासून घ्या कुणीतरी."

हॉलमध्ये हशा पिकला, पण तो काही फार वेळ टिकणारा नव्हता. डोळ्यांचा दवाखाना, सकाळपासून ताटकळलेली माणसं, निम्म्यांच्या डोळ्यांत औषध घातलेलं, आणि रांग काही सतराच्या पुढे सरकायला तयार नाही. काउंटरवरच्या ताईंनी तळघरात फोन लावला. तळघरात दवाखान्याचा कॉम्प्युटरवाला बसायचा. नंबर पुकारणारा प्रोग्राम त्यानेच लिहिलेला.

"तुमची बाई अडकलीय," ताई म्हणाल्या. "लवकर बघा. आणि हो, तुमच्या सासूबाई इथेच बसल्यात बरं का, तिसऱ्या रांगेत."

"माहितीये," तो म्हणाला आणि त्याने घाईघाईने फोन ठेवला.

घाईला कारणही तसंच होतं. बाळ झालं तेव्हा सासूबाई त्यांच्याकडे राहायला आल्या होत्या. आल्या आणि घर कसं रुळावर आलं! बाळ झोपायला लागलं, बायको हसायला लागली, महिनोन् महिने ठिबकणारा नळसुद्धा गुमान बसला. भेटायला म्हणून आलेला आणि सोफ्याला चिकटलेला मेव्हणा, तोही त्यांच्या एका नजरेसरशी केर काढताना निदान पाय तरी वर घ्यायला लागला. सगळं असं छान चाललेलं असताना आपल्या या शहाण्याने, परतीचं तिकीट वेळेवर काढावं एवढ्याच भल्या हेतूने विचारलं, "आई, तुम्ही अजून किती दिवस थांबणार आहात?"

झालं! सासूबाईंनी हातातलं दुपटं नीट घडी करून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला सोफ्यावरून उठवून, बॅग घेऊन त्या चालत्या झाल्या. तोवर त्याला "अरे" म्हणायच्या, त्या दिवसापासून "तुम्ही" म्हणायला लागल्या. ते "तुम्ही" त्याला शिवीपेक्षा जास्त लागायचं.

आता येत्या सोमवारी बायकोची रजा संपत होती. एवढ्याशा जिवाला पाळणाघरात कुणी घेत नव्हतं. आई आली नाही तर नोकरी सोडायची, असं बायकोने ठरवून टाकलं होतं, आणि ते सांगताना ती रडली नव्हती याचीच त्याला जास्त धास्ती वाटत होती. सकाळी निघताना तिने त्याला दारातच अडवलं.

"आई आज गावाहून डोळे दाखवायला तुझ्याच दवाखान्यात येतेय. मी विचारलं तर ती नाहीच म्हणणार. घोळ तू घातलास, तूच निस्तर."

"काय बोलू पण?"

"काहीही बोल. फक्त 'किती दिवस' म्हणू नकोस."

तेव्हा आज काहीही करून सासूबाईंचं मन वळवायचं होतं, आणि त्यांनाच तिथे त्याच्या प्रोग्राममुळे खोळंबून बसावं लागत होतं. मन वळायचं बाजूलाच, त्यांची मान मोडायची वेळ आली होती.

प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू करणं सगळ्यात सोपं. पण अख्खी रांग त्या चालू प्रोग्रामच्या डोक्यात होती. बंद केला की डोकं कोरं. मग हॉलभर माणसांना नव्याने नंबर घ्यायला लावायचं, त्यात सासूबाईंनाही. छे! त्याने दुसरा मार्ग धरला. प्रोग्राम न थांबवता गुपचूप त्याच्या आत शिरायचं आणि तुझ्या डोक्यात कुठे काय आहे, हे त्यालाच विचारायचं. चालत्या माणसाला कळू न देता त्याच्या खिशात हात घालण्यासारखंच काम ते. जमतं, पण हात हलका पाहिजे. मध्ये कुणी बडबड करायला नको म्हणून त्याने फोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवला आणि कामाला लागला.

आता या प्रोग्रामची एक गंमत होती. तो त्याने सासूबाई घरी असतानाच लिहिला होता आणि आतल्या भागांना नावंही घरातलीच दिली होती. कुणी कुठल्या खोलीत जायचं ते ठरवणारी 'बायको'. ती सांगेल तो नंबर निमूटपणे पुकारणारा 'नवरा'. पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून ठेवलेला, तोवर नुसती जागा अडवणारा 'मेव्हणा'. आणि सारखं प्रत्येकाला "झालं का? झालं का?" विचारून सगळ्यांना कामाला जुंपणाऱ्या 'सासूबाई'. कोण बघायला येणार होतं आत?

आत शिरल्यावर आपण नीट जोडले गेलोय का, हे बघायला त्याने एक साधी ओळ प्रिंट करायला सांगितली. पडद्यावर काहीच उमटलं नाही.

उमटणार कसं? नंबर पुकारायची कटकट नको म्हणून यानेच आळसाने सोय करून ठेवली होती, की या प्रोग्रामने जे काही प्रिंट करायचं ते पडद्यावर न येता थेट स्पीकरवर जाईल. ही गोष्ट तो साफ विसरला होता. आणि आत शिरून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणार कोण? तो प्रोग्रामच. मग तो आपल्याच तोंडाने बोलणार, दुसऱ्याच्या थोडाच?

वर हॉलमध्ये बाई म्हणाली, "ऐकू येतंय का?"

"येतंय!" सगळा हॉल ओरडला.

खाली मशीनच्या पंख्यांची घरघर इतकी, की वर बँड वाजला असता तरी कळलं नसतं. पडदा कोरा तो कोराच. त्याने वैतागून दुसरी ओळ टाकली.

"अगं बाई, बोल की काहीतरी," स्पीकर म्हणाला.

"मी काय बोलू?" पहिल्या रांगेतल्या एक काकू दचकून म्हणाल्या. "माझा नुसता मोतीबिंदू आहे."

मग त्याने थेट मुद्द्यालाच हात घातला आणि एकेकाची स्थिती विचारायला सुरुवात केली.

"सतरा," बाई म्हणाली. "झालं. सतरा. नाही झालं."

"आमच्या डॉक्टरांचंही असंच असतं," सतरा नंबरचे आजोबा म्हणाले.

"बायको. उत्तराची वाट बघत आहे. नवरा. हुकमाची वाट बघत आहे."

आता हॉलमध्ये माणसं खुर्चीत सरसावून बसली. कुणीतरी बाहेर गेलेल्या आपल्या मंडळींना हाक मारून आत बोलावलं. तिसऱ्या रांगेत सासूबाई डोळ्यांत औषध घालून, मान मागे टाकून, पापण्या मिटून बसल्या होत्या. जावयाशी अबोला असला तरी शेजारणीला त्यांचं सांगून झालं होतं, की ही बोलणारी बाई आमच्या जावयांनीच बनवलीय. शेजारणीने त्यांना कोपराने हळूच ढोसलं.

"मेव्हणा," बाई म्हणाली. "जागा अडवली आहे. काम, काही नाही."

सासूबाईंच्या कपाळावर एक आठी पडली.

"सासूबाई. चालू आहेत."

"अगं बाई!" शेजारीण म्हणाली.

खाली त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला. पुन्हा काही दिसेना, म्हणून आणखी एकदा.

"सासूबाई चालू आहेत. सासूबाई फारच चालू आहेत," असं काही बाई म्हणाली नाही, पण दोनदा-तीनदा तेच ऐकल्यावर लोकांना तसंच ऐकू आलं. हॉल हसून हसून लोळायचा बाकी राहिला.

इकडे त्याने मनाशी निदान केलं. हे सारखं "झालं का, झालं का" विचारणंच नडतंय. सासूबाईंना जरा वेळ बंद करावं. त्याने तसा हुकूम सोडला. पण त्या भागाला धक्का लावू नये म्हणून त्यानेच मागे एक बंदोबस्त करून ठेवला होता: कुणी हात लावलाच, तर हुकूम धुडकावून एक सूचना द्यायची. नाव सासूबाईंचं, म्हणून सूचनाही अदबीने लिहिलेली.

"सासूबाईंना थांबवता आलं नाही," स्पीकरवरची बाई म्हणाली. "सगळे त्यांच्यावर अवलंबून आहेत."

पडदा कोरा. त्याने दात-ओठ खाऊन पुन्हा हुकूम सोडला.

"सासूबाईंना थांबवता आलं नाही. सगळे त्यांच्यावर अवलंबून आहेत."

पुन्हा. आणि पुन्हा. आणि अगदी शेवटचं म्हणून आणखी एकदा. हॉलमधलं हसू हळूहळू ओसरलं. पहिल्या रांगेतल्या काकूंनी तर रुमाल काढला.

इतक्यात तळघराचं दार धाडकन उघडून काउंटरवरच्या ताई धापा टाकत आत आल्या.

"बंद करा आधी ते! फोन का उचलत नाही तुम्ही?"

"काय बंद करू? इथे काही दिसतच नाहीये!"

"दिसत नाहीये, पण आम्हाला ऐकू येतंय ना! तुमच्या घरात कोण काय करतं ते सगळं! सासूबाई चालू, मेव्हणा रिकामटेकडा..."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे... सगळं स्पीकरवर?"

"सगळं. आणि ते सतराचं पण, झालं नि नाही झालं."

"काय म्हणालात? झालं, मग नाही झालं?"

एवढ्या धक्क्यातही त्याच्या डोक्यात उजेड पडला. तीन नंबरच्या डॉक्टरांनी 'झालं'चं बटण घाईत दोनदा दाबलं होतं. पहिल्यांदा झालं, दुसऱ्यांदा झालेलं पुसलं गेलं. त्याने सतराच्या पुढे 'झालं' लिहिलं, रांग सुटली, आणि मग तो जिन्याच्या पायऱ्या चढायला लागला. बाळाचा चेहरा डोळ्यांसमोर आला, बायकोचा आला. संपलं सगळं, असं त्याला वाटलं.

हॉलमध्ये तो आला तशी माणसांनी सरकून त्याला वाट दिली. काकूंनी त्याच्याकडे भरल्या डोळ्यांनी पाहिलं, ते नक्की औषधाने की कशाने, देव जाणे. तो सासूबाईंच्या शेजारी खुर्चीच्या टोकावर बसला.

"आई, मी... ते प्रोग्राममध्ये..."

"अरे," सासूबाई मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या.

अरे! "अरे" परत आलं होतं.

"औषधामुळे मला दिसत काही नाही. पण ऐकलं सगळं. कितीदा म्हणाली रे ती! थांबवता आलं नाही, थांबवता आलं नाही. त्या दिवशी मला थांबवून घेता आलं नाही, हे इतकं लागलं होतं तुझ्या मनाला?"

थांबवणं! तो मघापासून ज्यांना बंद पाडायला बघत होता, त्यांना वाटत होतं की तो त्यांना ठेवून घ्यायला बघतोय.

"हो आई," तो म्हणाला. "खूप प्रयत्न केला मी. अगदी परत परत."

यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"मग तोंडावर बोलायचं. स्पीकरवर कशाला?"

"तोंडाने बोललो की घोळ होतो माझा." मग त्याला राहवेना. "पण ते अवलंबून असल्याचं खरंच आहे. तुम्ही घरी होतात तेव्हाच लिहिलं होतं मी ते. तुम्ही गेल्यापासून घरात कुणाला काही सुचत नाही."

सासूबाईंनी पदराने डोळे टिपले. एवढं घातलेलं औषध पुसलं जाईल, याची त्यांना शुद्ध नव्हती.

"आणि सासूबाई चालू आहेत, ते काय?"

"म्हणजे कामात, आई. सारख्या कामात."

"हं. आणि मेव्हण्याचं?"

त्याने नजर चुकवून स्पीकरकडे पाहिलं.

"तेवढं मात्र बरोबर ओळखलंय तिने," त्या म्हणाल्या. "येते मी सोमवारी. आणि तो एकटा घरी काय करणार? त्यालाही आणते. बसेल जागा अडवून."

"आणा ना," तो म्हणाला. त्या घडीला त्याने मेव्हण्याला सोफ्यासकट आणा म्हटलं असतं.

त्यांचा नंबर पुकारला गेला. त्याने हात धरून त्यांना खोलीच्या दारापर्यंत सोडलं आणि धावत जाऊन बायकोला फोन लावला.

"येतेय?" बायकोचा आवाज एकदम भरून आला. "खरंच? अरे, पण त्या दिवशी मी इतकं म्हणूनही थांबली नव्हती ती. तू कसं काय थांबवलंस तिला?"

"नाही गं," तो म्हणाला. "थांबवता आलं नाही, म्हणून तर येतायत."