उसाची शिंगे

गेल्या हंगामापासून कारखान्याच्या शेतकी विभागाने ऊसनोंदीचे जाडजूड रजिस्टर बंद केले आणि एक सॉफ्टवेअर आणले. त्याची ख्याती अशी, की माहितीचा कोणताही तक्ता त्याला दाखवावा आणि त्याने त्याचा फॉर्म आपोआप बनवून द्यावा. मधे कुणी डोके घालायचे नाही. ही अट शेतकी विभागाला फार लवकर जमली.

तक्ता मात्र माणसानेच करायचा होता. संगणक विभागातल्या राजवर्धनकडे जनावरांच्या लसीकरण शिबिराचा तक्ता तयार होता. नाव, गाव, गट नंबर, सगळे तेच. त्याने वर ‘ऊस’ असे लिहिले आणि जेवायला गेला.

शेळगावचे जोतीराम तात्या तीन एकरांचा खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांवर आलेले दुसरे पीक, नोंदवायला गट ऑफिसात आले.

“शिंगांची लांबी?” क्लार्क रेश्माने विचारले.

“कुणाच्या?”

“उसाच्या.”

“आगं पोरी, उसाला शिंगं आसत्यात व्हय?”

“मला कळतंय की तात्या. पण हितं लाल चांदणी हाय. भरल्याबिगर फॉर्म पुढं सरकत न्हाय.”

तात्या पडले सरळ माणूस. “मग टाक शून्य,” म्हणाले. पुढे ‘कितवे वेत’ आले, तेव्हा जरा विचार करून म्हणाले, “दुसरं. खोडवा हाय न्हवं.” मागे शेजारचा दादासो उभा होता. शून्य सांगणे त्याला कमीपणाचे वाटले. त्याने बेधडक बेचाळीस इंच सांगितली.

तोडीचा कार्यक्रम लागला तो शिंगांच्या लांबीप्रमाणे, मोठी आधी. लागणीच्या तारखेवरून दरवर्षी भांडणे होत. शिंगांवरून आजवर एकही तक्रार नव्हती. म्हणून शेतकी विभागाच्या साहेबांनी हाच निकष सर्वांत पारदर्शक ठरवला.

दादासोचा ऊस पहिल्या आठवड्यात गेला. तात्यांचा नंबर यादीत सगळ्यात खाली. उसाला तुरे आले, वजन उतरू लागले. आणखी महिना गेला असता तर तीन एकरांचे सरपण झाले असते. बांधावर उभे राहून तात्यांना अगदी रडू यायचे.

बायको सारजाबाई वेगळ्याच काळजीत. “आख्ख्या गावाच्या उसाला शिंगं आली, आपल्यालाच का न्हाईत? खतपाणी कुठं कमी पडलं?”

शेवटी तात्या गट ऑफिसात गेले. नोंद दुरुस्त करायला जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला हवा होता. डॉक्टर आले. त्यांनी फडाला एक फेरी मारली, दोन कांड्या दाबून पाहिल्या, एक खाल्ली, आणि लिहून दिले : ‘शिंगे उशिरा फुटली. प्रकृती ठणठणीत.’ लांबी तात्यांनी स्वतः सांगितली. चव्वेचाळीस इंच.

तिसऱ्या दिवशी ऊसतोडीची टोळी फडात उतरली.

पुढच्या हंगामात चूक राजवर्धनच्या लक्षात आली. त्याने मुकाट्याने शिंगांचा रकाना काढून टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी गट ऑफिसवर मोर्चा. सगळ्यांत पुढे तात्या, हातात डॉक्टरांचा दाखला.

“तात्या, चूक होती ती,” राजवर्धन हात जोडून म्हणाला. “उसाला कधी शिंगं असतात का?”

“न्हाईतच. शेंबडं पोरगंबी सांगंल.”

“मग?”

“मग नंबर कशावर लावणार तुमी? खऱ्यावर?”

खऱ्यावर नंबर लागला तर आपला कितवा, याचा हिशेब मोर्चातला जो तो मनात करू लागला. मग जी घोषणाबाजी झाली, तिने ऑफिसची तावदाने हादरली. दुपारपर्यंत रकाना परत आला.

हसा, खुशाल हसा. फक्त पोराच्या शाळाप्रवेशाच्या फॉर्मवर घरापासून शाळेचे अंतर किती लिहिलेत, तेवढे सांगा आणि मग हसा.