खलनायक भेंडी आणायला जातो

टीव्ही मालिका काढणाऱ्या मॅडम इसोकेन यांच्याकडे खलनायकाची निवड कॅमेऱ्यापुढे होत नसे. ती बाजारात, भेंडीच्या ढिगापुढे होत असे. पद्धत सोपी होती. नटाला पूर्ण वेशात भाजी आणायला पाठवायचं आणि आपण रस्त्यापलीकडे गाडीत बसून पाहायचं. पडद्यावरचा दुष्ट आणि रस्त्यावरचा माणूस यांत फरक करत बसण्याची जोखीम नायजेरियातल्या बेनिन शहरात कुणी घेत नाही. विकणारीने अशुभ टळावं म्हणून डोक्याभोवती हात फिरवून चुटकी वाजवली, "येशूचं रक्त!" म्हणून मान वळवली आणि भेंडी फुकट पिशवीत कोंबली, की नट उत्तीर्ण. तिने भाव सांगितला, तर नापास. 'काळ्या नदीपलीकडे' या जुन्या मालिकेत चेटक्याचं काम केलेल्या नटाची बायको अजूनही बाजारहाटाला त्यालाच पाठवत असे.

या परीक्षेला डॉ. एखाटोर यांचा तात्त्विक विरोध होता. डॉक्टरांचा बहुतेक गोष्टींना तात्त्विक विरोध असे. विद्यापीठात मौखिक परंपरा हा सक्तीचा विषय आयुष्यभर शिकवून ते निवृत्त झाले होते आणि आता मॅडमच्या नव्या मालिकेचे लेखक होते. अझेन नावाचा खलनायक ही त्यांची निर्मिती. अझेन हा चेटक्या होता, परंतु व्यासंगी. जाड भिंगांचा चष्मा, खिशात ओळीने पेनं, आणि कुणालाही शाप देण्यापूर्वी त्या शापाची व्याख्या, प्रकार आणि अपवाद सांगण्याची सवय. दुष्टपणा गर्जना करत येत नाही, तो घसा खाकरत येतो, हे डॉक्टरांचं प्रतिपादन होतं. आणि अशा दुष्टाला लोकांनी हसावं, कारण हसल्याशिवाय भीती जात नाही, हा त्याचा उपसिद्धान्त.

"चष्मेवाला चेटक्या?" मॅडम म्हणाल्या होत्या. "डॉक्टर, भूत-पिशाच्च बघायला लोक वीज गेली तरी जनरेटरमध्ये पेट्रोल घालतात. शिकवणी ऐकायला नाही घालत."

"प्रेक्षक मूर्ख असतो, हे गृहीतक मला मान्य नाही."

"मलाही नाही. म्हणूनच म्हणते, भेंडीला विचारू. बाई हसली, तर तुमचा अझेन तिसऱ्या भागात वीज पडून मरतो आणि आमचा फेस्टस येतो."

फेस्टस हा मॅडमचा भाचा. त्याच्याकडे डोळ्यांत बसवायची लाल भिंगं होती, रुंद छाती होती आणि गर्जना होती. अभिनयाची उणीव या तिन्हींच्या आड झाकली जाई. फेस्टस आला की लेखकाला कामच उरणार नव्हतं, कारण गर्जना लिहून द्यावी लागत नाही. अझेन हे डॉक्टरांच्या हयातीतलं एकमेव असं लेखन होतं, जे वाचायची सक्ती कुणावरही नव्हती आणि तरीही ते लोकांपर्यंत पोहोचणार होतं. त्याला विजेने मरू द्यायची त्यांची तयारी नव्हती.

परीक्षेच्या सकाळी अझेनचं काम करणारा उवाइफो कचेरीत आला तो पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आणि रिकाम्या हाताने.

"डॉक्टर, माफ करा. काल चर्चमध्ये मला डीकन केलं. आता चेटक्याच्या झग्यात बाजारात दिसलो तर पास्टर माझ्यावर पाणी शिंपडतील."

"कालपर्यंत तुला चालत होतं ना?"

"कालपर्यंत मी साधा पापी होतो, डॉक्टर. आता मला हुद्दा आहे."

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे, आणि मग बराच वेळ डॉक्टरांकडेच. "तुम्हीच जा की."

"मी? मी संशोधक आहे."

"तेच म्हणते मी. चष्मा तुमचाच, पेनं तुमचीच. रंगभूषेचा खर्च वाचला. नाहीतर फेस्टस गाडीत बसलेलाच आहे."

अशा रीतीने डॉ. एखाटोर, वय झालेले, रक्तदाबाचे, काळा झगा आणि कवड्यांची माळ घालून, हरमाटन वाऱ्याच्या धुळीत शिंकत बाजारात शिरले.

भेंडीवाली मामा एसोसा, म्हणजे एसोसाची आई, ही ऐसपैस बाई होती आणि बाजारातल्या निम्म्या भांडणांची पंच होती. तिने डॉक्टरांना झग्यापासून चपलांपर्यंत न्याहाळलं.

"बाबा, कुठल्या शाळेचं नाटक आहे?"

डॉक्टरांनी संहितेप्रमाणे घसा खाकरला. "मी अझेन. मी रात्रीचा—"

"सर्दी झालीय तुम्हाला. मिरीचं सूप घ्या." तिने शेजारच्या सुक्या मासळीवालीला हाक मारली. "अगं ए, इकडे ये! चेटक्या आलाय, त्याला नीट दिसत नाही!"

मासळीवाली आली. तिच्यामागे केळीवाली आली. कुणीतरी विचारलं की आजोबांचा झाडू कुठेय; कुणीतरी म्हणालं की पेन्शन झाल्यावर चेटूकसुद्धा हातून होत नाही. डॉक्टरांना हायसं वाटलं, कारण उपसिद्धान्त खरा ठरत होता. नंतर त्यांना आठवलं की परीक्षा त्याच्या उलट होती. रस्त्यापलीकडे फेस्टस आरशात बघून लाल भिंगं बसवत होता, हेही त्यांना दिसलं.

"भेंडी द्या," ते म्हणाले.

मामा एसोसाने भाव सांगितला. तोही परक्या गिऱ्हाइकांना सांगतात तो, चढा.

अझेन मेला होता. आता डॉक्टरांचा जो संताप झाला तो उष्ण नव्हता. वर्गात शेवटच्या बाकावर कुणी हसलं की जो होत असे, तोच हा होता. त्यांनी चष्मा काढला, झग्याच्या टोकाने पुसला, पुन्हा चढवला आणि अत्यंत हळू आवाजात बोलायला सुरुवात केली.

"आपण हसत आहात. हसण्याचं कारण अज्ञान आहे. शाप म्हणजे काय, हे प्रथम पाहू. शापाच्या तीन व्याख्या आहेत. पहिली अपुरी आहे, दुसरी चुकीची आहे. तिसरीकडे येण्यापूर्वी, मागे जे बोलत आहेत त्यांनी उभं राहावं."

मागे मोबाइलच्या दुकानात एक तरुण गिऱ्हाइकाशी बोलत होता. हातात सोन्याचं घड्याळ, गळ्यात साखळी. तो ताडकन उभा राहिला. हातातला फोन खाली पडला आणि काच तडकली, तरी त्याने खाली पाहिलं नाही.

"सर," तो म्हणाला. "मी नव्हतो बोलत, सर."

बायका वळून त्याच्याकडे बघू लागल्या.

"नोसाखारे, कोण आहे रे हा?" मामाने विचारलं.

"मामा, हळू बोल. हसू नको. हे एखाटोर आहेत."

"कोण एखाटोर?"

"मौखिक परंपरा!" नोसाखारेचा आवाज फाटला. "सक्तीचा विषय! मी चारदा बसलो, मामा. तिसरी व्याख्या मला आजही येत नाही."

चौकातली वाहतूक पोलीस बाई काय गर्दी आहे ते पाहायला आली होती. तिने डॉक्टरांकडे पाहिलं, टोपी काढून काखेत धरली आणि कुणी न विचारता म्हणाली, "माझी हजेरी पूर्ण होती, सर. मी खरंच येत होते." मग ती गर्दीतून मागे मागे सरकत चौकाच्याही पलीकडे गेली.

मामा एसोसाने मात्र भेंडीच्या ढिगावर हात टेकला होता. "एखाटोर," ती पुटपुटली. "तोच तो? माझ्या एसोसाची वाट अडवणारा?"

त्याचा खुलासा मासळीवालीने कुजबुजत, म्हणजे सर्वांना ऐकू जाईल असा केला. मामाची एसोसा हुशार होती, सगळे विषय सुटले, एक सुटेना. पदवी अडली. लागोसची नोकरी गेली. ठरलेला नवरा वाट पाहून कंटाळला आणि दुसरीकडे लग्न करून बसला. तेव्हा पास्टरांनी सांगितलं की या घराची प्रगती कुणीतरी बांधून ठेवली आहे, शत्रूचं नाव घेऊन प्रार्थना करा. नाव एसोसाने सांगितलं. तेव्हापासून दर शुक्रवारी साऱ्या चर्चने पाय आपटून त्या नावावर अग्नी मागितला होता. एखाटोर पडो. एखाटोर जळो. पास्टर उत्तरादाखल 'आमेन' म्हणवून घेत, आणि ते रस्त्यापर्यंत ऐकू येई.

आणि तो इथे उभा होता. ना पडलेला, ना जळलेला. फक्त सर्दी झालेली.

"एवढ्या प्रार्थना," मामा म्हणाली, "आणि याला साधा ताप नाही."

"बाई," डॉक्टर म्हणाले, "आपला काही गैरसमज होतो आहे. मी कुणाची वाट अडवलेली नाही. माझी व्याख्यानं तर विनोदी असत." हे ते मनापासून म्हणाले. त्यांच्या व्याख्यानांत विनोद असत, आणि विद्यार्थी हसत नसत ते आदरामुळे, अशी त्यांची इतकी वर्षं समजूत होती. "कोण ही एसोसा? मला आठवत नाही."

हे वाक्य खरं होतं. म्हणूनच त्याचा परिणाम भयंकर झाला.

मामा एसोसाने डोक्याभोवती हात फिरवला. चुटकी वाजवली. केळीवालीने वाजवली, मासळीवालीने वाजवली, आणि मागून कितीतरी चुटक्या तेलात मोहरी पडावी तशा तडतडल्या. "येशूचं रक्त!" नंतर मामाने दोन्ही हातांनी भेंडी उचलून पिशवीत कोंबली, पिशवी भरल्यावर झग्याच्या खिशात कोंबली.

"घ्या. सगळी घ्या. पैसे नकोत. फक्त माझ्या धाकट्याचं नाव विचारू नका. तो यंदाच विद्यापीठात गेलाय."

"परंतु मी निवृत्त—"

"सुकी मासळी पण घ्या, सर," नोसाखारे दुसऱ्याच्या दुकानातली मासळी पुढे करत म्हणाला.

डॉक्टर गाडीकडे परतले तेव्हा त्यांच्या दोन्ही काखांत केळीचे घड होते आणि समोरून येणारे लोक रस्ता सोडून उभे राहत होते. फेस्टस मागच्या बाकावर सरकून बसला होता. लाल भिंगं त्याने डबीत ठेवली होती.

मॅडम इसोकेन यांनी पिशवीतली एक भेंडी काढून पाहिली, कोवळी होती.

"डॉक्टर, तुम्ही जिंकलात. अझेन राहणार. काम तुम्हीच करायचं."

"परंतु तो विनोदी आहे," डॉक्टर म्हणाले. "लोकांनी हसावं म्हणून मी तो लिहिला. तुम्ही पाहिलंत ना, बायका सुरुवातीला हसल्या."

"हो. तुम्ही शिकवायला लागेपर्यंत."

गाडी सुरू झाली. मॅडम हिशेबी बाई होत्या, आणि त्यांच्या कपाळावर आठी होती.

"एकच अडचण आहे. मालिका लागते जेवणाच्या वेळेला. घरोघर पोरं बघतात, शिकणारी, परीक्षा असलेली. एवढी खरी भीती मला दाखवता येणार नाही, चॅनेलवाले हाकलतील. काहीतरी करून तो खोटा वाटला पाहिजे." त्यांनी विचार केला. "शिंगं लावू या का? रबराची?"

शिंगांविषयी डॉक्टरांकडे पुष्कळ सांगण्यासारखं होतं. इथल्या परंपरेत चेटक्यांना शिंगं नसतात, ती कल्पना बाहेरून आलेली आहे, आणि त्या विषयावर त्यांचा स्वतःचा एक निबंध होता. त्यांनी घसा खाकरला. ड्रायव्हरची मान आपोआप ताठ झाली. डॉक्टरांनी ते पाहिलं, आणि खिडकीबाहेर मागे पडत चाललेल्या बाजाराकडे पाहिलं, जिथे एक बाई अजूनही चुटक्या वाजवत होती.

"लावा," ते म्हणाले. "मोठी लावा. लांबून दिसतील एवढी."